अंगणातली बाई आणि दूरचे विद्यापीठ

शिक्षणाविषयी आपल्या चळवळीत जी चर्चा होते ती बहुधा वरून सुरू होते. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, राखीव जागा, प्राध्यापक-भरतीतील अनुशेष हे आपले विषय. ते महत्त्वाचे आहेतच. मी स्वतः वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो. तेव्हा त्या गोष्टींना कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. परंतु वस्तीतल्या तीन ते सहा वर्षांच्या लेकराला कोण शिकवते, त्या शिकवणाऱ्या बाईला कोणी आणि किती शिकवले, हा प्रश्न आपल्या परिषदांच्या ठरावांत मला क्वचितच दिसला. जणू आपली मुले थेट पहिलीच्या वर्गात जन्म घेतात.

या प्रश्नाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या वहिनीमुळे. ती राजूरच्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. वणी तालुक्यातले हे राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. खाणीमुळे लोक त्याला 'राजूर कॉलरी' म्हणतात. १९७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. पण खाणीच्या पगाराची वही सगळ्यांच्या नशिबी आली नाही. उरलेल्यांच्या वाट्याला चुनाभट्ट्या, ट्रक आणि दुसऱ्यांची शेते आली. माझे वडील भट्टीवर होते. भाऊ कोळशाच्या ट्रकवर आहे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा दहावी नापास होती. दोन लेकरे झाल्यावर तिने दहावी आणि मग बारावी केली, आणि दोन वर्षांपूर्वी एका मुक्त विद्यापीठाच्या बालशिक्षणाच्या पदविकेला नाव घातले. मी महाविद्यालयात शिकवतो आणि रविवारी एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून जातो, त्यामुळे तिला वाटले की मला यातले सगळे कळते. मला काहीच कळत नव्हते. मी समाजशास्त्राचा माणूस. तिच्याबरोबर मलाही ही पुस्तके उघडावी लागली. हा लेख त्या वाचनातून आणि त्या दोन वर्षांतून निघाला आहे.

प्रथम 'अंगणवाडी' हा शब्दच पाहू, कारण त्यात आपला इतिहास आहे आणि तो आपल्याला कोणी सांगत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, आज पालघर जिल्ह्यात आहे. गावात बालवाडी निघाली, पण ज्याला त्या काळच्या भाषेत 'हरिजनवाडा' म्हणत तिथली मुले काही बालवाडीत येईनात. का येत नसतील हे या त्रैमासिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. त्या अंगणातल्या बालवाडीचे नाव अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण तो कोणाच्या अंगणातून निघाला ही आठवण त्याच्याबरोबर गेली नाही.

अनुताईंची आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९१० साली जन्मलेली, बालपणीच विधवा झालेली ही बाई. तिने नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक केले आणि पदवी घेतली ती पन्नाशी उलटल्यावर. म्हणजे आपल्याकडच्या बालशिक्षणाची एक मोठी शिक्षिका स्वतःच कामावरून येऊन शिकणारी विद्यार्थिनी होती. वहिनीला हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "त्याईच्या घरी सैपाक कोन करे?"

आता मुक्त विद्यापीठ म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात पत्राद्वारे पदवीचे शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली सुरू केले. पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले. राजूरपासून तेलंगणाची सीमा दूर नाही, म्हणून हेही सांगतो की १९९१ पासून त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी' हे सर्वांना माहीत आहे. मला या वाक्याविषयी नेहमी दोन प्रकारे वाटते. आपला समाज पाणी घरोघरी येईल म्हणून वाट पाहत बसला नाही. २० मार्च १९२७ रोजी तो महाडच्या तळ्यावर गेला. विद्यापीठाच्या इमारतीत, ग्रंथालयात, वसतिगृहात, चर्चेत आपण असले पाहिजे. ज्याला त्या तळ्यावर येऊ द्यायचे नाही त्याच्या दारात नळ देऊन मोकळे होणे ही युक्ती प्रस्थापितांना सोयीची आहे. हे एक. दुसरे असे की खुद्द बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. कामगाराने कॉलेजच्या वेळेशी जुळवून घ्यावे असे ते म्हणाले नाहीत. कॉलेजने कामगाराच्या वेळेशी जुळवून घेतले. मुक्त विद्यापीठाचा खरा अर्थ हा असला पाहिजे. तो किती प्रमाणात आहे हे तपासण्यासाठी वहिनीची वेळापत्रकाची वही पुरेशी आहे.

या शिक्षणक्रमांत अभ्यास 'श्रेयांका'त मोजतात. इग्नूचा हिशेब असा की एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. इग्नूची बालसंगोपन व शिक्षण या विषयाची पदविका बत्तीस श्रेयांकांची आहे. तीन विषय पुस्तकी: बालसेवांचे संघटन, मुलांचे आरोग्य व पोषण, आणि मुलांसाठीच्या सेवा व कार्यक्रम. चौथा भाग प्रत्यक्ष कामाचा. चारही भाग प्रत्येकी आठ श्रेयांकांचे. बत्तीस गुणिले तीस म्हणजे नऊशे साठ तास. कमीत कमी मुदत एक वर्षाची, अधिक काळ घेण्याची मुभा आहे. रोज दोन तास बसले तर चारशे ऐंशी दिवस, म्हणजे एक वर्ष चार महिने. वहिनीला रोज एकच तास मिळतो आणि तो पहाटे चार ते पाच. भाऊ रात्री ट्रकवरून येतो, पाच वाजता नळ येतो, साडेनऊला अंगणवाडीतली चूल पेटवावी लागते. एका तासाने नऊशे साठ दिवस होतात. अडीच वर्षांच्या वर. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा ती हसली. म्हणाली, "लेकरू बी नऊ महिन्यात होते भाऊजी, अन् हे पुस्तक अडीच वर्षात."

शिकण्याची रीत सोपी आहे, पण ती आधी कोणीतरी सांगावी लागते. पुस्तके घरी येतात किंवा फोनवर उतरवून घ्यावी लागतात. ती स्वयंअध्ययनाची असतात, म्हणजे मजकुरातच मध्ये मध्ये प्रश्न असतात, ते सोडवत पुढे जायचे. गृहपाठ लिहून अभ्यासकेंद्राकडे द्यायचे. त्यांचे गुण अंतिम निकालात धरले जातात, म्हणून 'परीक्षा चांगली दिली की झाले' हा समज घातक आहे. सत्रांत परीक्षा साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात. जूनमध्ये चुकली तर डिसेंबरमध्ये देता येते. संमंत्रणाच्या बैठका म्हणजे वर्ग नव्हेत. तिथे शंका विचारायच्या असतात. मी रविवारी पाहतो, आमच्या बायका या बैठकीत शेवटच्या बाकावर बसून सगळे उतरवून घेतात आणि काहीच विचारत नाहीत. वहीत उतरवणे म्हणजे शिकणे ही सवय आपल्याला शाळेनेच लावली. नागपूरसारख्या केंद्रावर जायचे तर राजूरहून सव्वाशे किलोमीटरच्या वर प्रवास. त्या दिवसाचे मानधन आणि एसटीचे भाडे दोन्ही गेले. तेव्हा शंका विचारल्याशिवाय परतणे परवडत नाही, हे तरी आपण त्यांना सांगितले पाहिजे.

येथे एका फसवणुकीविषयी लिहिले पाहिजे. पदविकेच्या आधी वहिनीने शहरातल्या एका खाजगी वर्गाचे 'नर्सरी टीचर'चे प्रमाणपत्र घेतले होते. सहा महिने, भरपूर फी, काचेच्या फ्रेममध्ये रंगीत कागद. तो कागद कुठल्याही विद्यापीठाचा नव्हता, कुठल्याही शासनमान्य मंडळाचा नव्हता. फ्रेम अजून घरात आहे, तिच्यामागे पाल राहते. असे वर्ग तालुक्यातालुक्यात आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे आपल्याच मुली. तेव्हा शिकणाऱ्या मुलीने प्रवेशापूर्वी एक गोष्ट करावी: दूरस्थ शिक्षण देणारी संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे की नाही ते पाहावे. कार्यकर्त्याने ते तिला पाहून द्यावे. मोर्चाएवढे ते दिसत नाही, पण एका घराची वर्षाची बचत वाचते.

दुसरा गैरसमज पदविकेच्या उपयोगाचा. ही पदविका मिळाली म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होता येत नाही. त्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते. अंगणवाडी सेविका होण्यासाठीही पदविकेची सक्ती नाही. महाराष्ट्रात आता बारावी उत्तीर्ण ही अट आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा तितकेच काम केलेल्या सेविकांतून भरायच्या आहेत. पर्यवेक्षिकेला पदवी मागतात. म्हणून ज्या सेविकेला पुढे जायचे आहे तिने पदविकेवर न थांबता मुक्त विद्यापीठाची बी.ए. करावी असेच मी सांगतो. मग बालशिक्षणाची पदविका कशासाठी? हा प्रश्न भावानेही विचारला. त्याच्या प्रश्नात पैशाचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर पुढे येईल.

आधी व्यवस्थेने या बाईला कुठे उभे केले आहे ते पाहू. राज्यघटनेच्या मूळ ४५व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे म्हटले होते. त्यात सहाखालचे मूल वगळलेले नव्हते. २००२ साली ८६वी दुरुस्ती झाली. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, परंतु सहा ते चौदा वयासाठीच. सहाखालच्या मुलांसाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच उरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीच चौकट ठेवली. जिथे हक्क नाही तिथे शिक्षकही नाही. तिथे 'सेविका' आणि 'मदतनीस' आहेत, आणि त्यांना वेतन नाही, 'मानधन' आहे. मान किती आणि धन किती ते सर्वांना ठाऊक आहे. केंद्राने २०१८ साली सेविकेच्या मानधनातला आपला भाग तीन हजारांवरून साडेचार हजार केला. राज्ये त्यात भर घालतात. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी संप केला तो अनेक आठवडे चालला. योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्यशिक्षण आणि शालापूर्व शिक्षण येतात. प्रत्यक्षात दिवस कशात जातो? खिचडी, वजने, नोंदवह्या; आणि २०२१ पासून फोनवरचा पोषण ट्रॅकर. शिकवणे उरलेल्या वेळात.

अशा स्थितीत २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्याने तीन ते आठ हा वयोगट एक 'पायाभूत स्तर' मानला. तीन वर्षे शालापूर्व आणि मग पहिली-दुसरी. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे. आता या एकाच स्तराच्या शिक्षकाची तयारी कशी करायची ते पाहा. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका. आणि हे सर्व दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवरून आणि स्मार्टफोनवरून, दूरस्थ पद्धतीने चालवता येईल, महिन्याला निदान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असे धोरण म्हणते. दुसरीकडे याच स्तरासाठी शिक्षक तयार करणारी चार वर्षांची एकात्मिक पदवी आहे. ती बारावीनंतर नियमित महाविद्यालयात बसूनच करावी लागते. म्हणजे बालशिक्षणाची पूर्ण पदवी आहे, पण ती चार वर्षे घर सोडू शकणाऱ्याला. जी वीस वर्षे त्याच मुलांत बसली आहे तिला फोन. एकाच स्तरात शिक्षकांचे हे दोन मजले झाले. वरच्या मजल्यावर कोण जाईल आणि खालच्या मजल्यावर कोण राहील याचा अंदाज करायला समाजशास्त्राचा प्राध्यापक असावे लागत नाही. माझा आक्षेप दूरशिक्षणाला नाही. दूरशिक्षणाच्या जिन्याने पदवीपर्यंत का चढता येऊ नये, हा माझा प्रश्न आहे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचे श्रेयांक पदविकेत, पदविकेचे पदवीत धरले गेले, आणि अंगणवाडीतले रोजचे काम हेच प्रात्यक्षिक मानले गेले, तर पन्नाशीच्या आत एखादी मदतनीस पदवीधर बालशिक्षिका होईल. आपल्या संघटनांनी मानधनाच्या मागणीशेजारी ही मागणी ठेवली पाहिजे असे मला वाटते.

बालशिक्षणाचा उगमही या संदर्भात आठवण्यासारखा आहे. मारिया मॉन्टेसोरी यांनी पहिले बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत काढले होते. आई-बाप कामावर गेल्यावर जिन्यात हुंदडणारी मुले हे तिचे पहिले विद्यार्थी. आज तिचे नाव आपल्या शहरांत कुठल्या फाटकांवर लिहिलेले असते ते पाहावे. ताराबाईंनी ती पद्धत येथे आणताना महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, काड्या घेतल्या. राजूरला शिंपले नाहीत. पण चिंचोके आहेत, सरकी आहे, पळसाची पाने आणि तुरीच्या काड्या आहेत. आणि कोळशाची मालगाडी आहे. वहिनीची मुले मोजणी शिकतात ती मालगाडीच्या डब्यांवर. पुस्तकात रंगीत मणी सांगितले होते. तिने प्रात्यक्षिकाच्या वहीत मालगाडी लिहिली. चुन्याचे खडे मात्र तिने हातात घेऊ दिले नाहीत. कळीचा चुना ओल्या हाताला काय करतो हे आमच्या घरात माहीत आहे.

याच वहीसाठी तिला एका मुलाचे निरीक्षण लिहायचे होते. तिने चार वर्षांचा एक मुलगा निवडला. तो अंगणवाडीत येऊन तीन महिने झाले होते आणि एक शब्द बोलत नव्हता. सगळ्यांनी त्याला मुका ठरवले होते. नोंदवहीतही तसे लिहिण्याचे चालले होते. आई-बाप तेलंगणातून भट्टीवर कामाला आलेले. एक दिवस भिंतीवर पाल दिसली. पोरे ओरडली, "पाल! पाल!" आणि हा मुका मुलगा आपला पेला घेऊन धावत आला. तेलुगूत 'पालु' म्हणजे दूध. पोरे हसली, तो रडला, आणि वहिनीच्या डोक्यात उजेड पडला. भाषाविकासाच्या प्रकरणात तिने वाचले होते की मूल बोलत नाही याची कारणे शोधताना त्याच्या घरची भाषा आधी पाहावी. ती त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आजीकडे गेली आणि वीस-पंचवीस शब्द मराठी अक्षरांत लिहून आणले. पाणी म्हणजे 'नीळ्ळु', ये म्हणजे 'रा', मांजर म्हणजे 'पिल्ली'. आमच्याकडे 'पिल्लू' कुत्र्याचेही असते, त्यावरून दोन दिवस गंमत चालली. महिनाभरात तो मुलगा दोन्ही भाषांत भांडू लागला. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या पट्ट्यात गोंडी आणि कोलामी बोलणारी किती लेकरे अशीच 'मुकी' ठरून पहिलीतून घरी बसली असतील याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला. भावाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. पदविकेने वहिनीचे मानधन वाढले नाही. एका मुलाच्या नावापुढे 'मुका' लिहिले जाणार होते ते लिहिले गेले नाही.

परंतु या पुस्तकांना एक मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. तीनचार महिने वाचल्यावर वहिनीने मला एकदा विचारले, "भाऊजी, ह्या पुस्तकातलं लेकरू कोन्या गावचं हाये?" मी उत्तर देऊ शकलो नाही. बालमानसशास्त्राच्या आपल्याकडच्या पुस्तकांतले मूल कुपोषित असते, गरीब असते, 'वंचित' असते. त्याला जात मात्र नसते. त्याच्या वातावरणात आई, बाप, शेजार, खेळणी, प्रकाश, हवा सारे असते. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे नाही हे त्याला घरी कोणत्या वर्षी शिकवले जाते, आणि ज्याच्या हातचे पाणी कोणी पीत नाही त्या मुलाला ते कोणत्या वर्षी कळते, यावर प्रकरण नसते. स्वतःविषयीची कल्पना मुलाच्या मनात या वयात घडते असे तीच पुस्तके सांगतात. मग ज्या समाजात ती कल्पना घडवण्याचे काम जात करते, तिथे जात हा बालमानसशास्त्राचा विषय नसेल तर कोणाचा? आपल्या आत्मकथनांनी हे प्रकरण केव्हाच लिहून ठेवले आहे. शाळेचा पहिला दिवस, दाराबाहेरची जागा, वरून ओतलेले पाणी. ती पुस्तके साहित्याच्या वर्गात शिकवली जातात. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात त्यांतली दोन पाने तरी गेली पाहिजेत.

एका गृहपाठात प्रश्न होता: परिसराचा मुलाच्या आत्मप्रतिमेवर होणारा परिणाम सोदाहरण लिहा. वहिनी पहाटे माझ्याकडे वही घेऊन आली. तिच्या लहानपणीच्या बालवाडीत तिची जागा दारापाशी, चपलांच्या शेजारी होती. पेला वेगळा, खिळ्याला टांगलेला. बाई मारत नसत, रागावत नसत. फक्त तिची जागा कधी बदलत नसे. "लिहू काय भाऊजी? मार्क कापतीन काय?" मी म्हटले, लिहा. तिने दोन पाने लिहिली. मी तिचे इतके चांगले लिखाण त्याआधी पाहिले नव्हते. गृहपाठ तपासून आला. तपासणारे कोण, कुठले, मला ठाऊक नाही. त्या दोन पानांवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि शेरा होता: 'वैयक्तिक अनुभव टाळावेत. पुस्तकातील मुद्दे लिहावेत.'

मी संतापलो. तक्रार करू म्हणालो, अर्जाचा मसुदाही केला. तिने तो वाचला, घडी करून वहीत ठेवला आणि दिला नाही. आम्हा शिकलेल्यांचा राग लवकर अर्जात उतरतो, हे तिने तोंडाने म्हटले नाही एवढेच. मात्र त्या रविवारपासून आमच्या वस्तीच्या विहारात पाच बायका पुस्तके घेऊन बसू लागल्या आहेत. दोन सेविका, एक मदतनीस आणि बारावी झालेल्या दोन मुली. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात, लेकरे मध्येच येऊन पडतात. हिंदी पुस्तकातला अवघड शब्द आला की तो वऱ्हाडीत काय होतो यावर वाद होतो. मी जमेल तेव्हा जातो. तिथे शेवटचा बाक नाही, त्यामुळे प्रश्न पुष्कळ निघतात.

प्रात्यक्षिकाची वही वहिनीने गेल्या महिन्यात दिली. देण्याआधी मी ती चाळली. 'वर्गव्यवस्थापन' या मथळ्याखाली तिने पुस्तकातले मुद्दे शिस्तीत उतरवले होते: खेळती हवा, पुरेसा उजेड, मुलांच्या उंचीची फळी. त्यांच्याखाली एक तक्ता होता. डावीकडे तारखा, उजवीकडे मुलांची नावे, एकेका तारखेला एक. वर लिहिले होते, 'दारापाशी बसणारे मूल रोज बदलते.' शेवटच्या ओळीत त्या दिवशीची तारीख होती आणि तिच्यापुढे त्या तेलुगू मुलाचे नाव होते.